गॅरेजमध्ये उरलेली रिंग

माझा थोरला भाऊ व्हर्लिन आमच्या स्पीअरफिश गावात मोटारसायकली दुरुस्त करायचा. ऑगस्टमध्ये शेजारच्या स्टर्जिसला मोटारसायकलवाल्यांची जत्रा भरली की त्याच्या दुकानापुढे गाड्यांची रांग लागायची. मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला आणि डॉक्टरांनी कंपवाताचं निदान केलं. त्याने दुकान विकलं, स्वतःची गाडीही विकली. घरामागचं गॅरेज तेवढं ठेवलं आणि मला बजावलं, "जेनेल, तुझ्या इंजिनाला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये."

मी शाळेची बस चालवायची, त्या वर्षी निवृत्त झाले. माझ्या जुन्या, लांब पल्ल्याच्या मोटारसायकलवरून दूर पश्चिमेला ओरेगॉनच्या समुद्रापर्यंत जायचं ठरवलं होतं. व्हर्लिन माझ्या मागे बसून येणार होता. बहिणीच्या मागे बसायची त्याला लाज वाटत होती, पण न जाण्याचं दुःख त्याहून मोठं होतं.

निघण्याआधी त्याने इंजिनाची बाजू उघडून पाहिली. झडपा उघडणाऱ्या दांड्यांची, म्हणजे कॅमशाफ्टची साखळी ताणून धरणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या पार झिजल्या होत्या आणि त्यांचा चुरा तेलात उतरला होता. तो चुरा पंपात अडकला की तेल थांबणार आणि धावतं इंजिन जाम होणार. म्हणून आम्ही नवे कॅमशाफ्ट, नव्या पद्धतीच्या ताणपट्ट्या आणि मोठा ऑइल पंप मागवला.

सगळं काम त्याने स्वतः केलं. हात फारच हलायला लागला की थांबायचा, कॉफी प्यायचा, पुन्हा पाना उचलायचा. मी फक्त सामान हातात देत होते. शेवटचं झाकण बसल्यावर तो स्टुलावर टेकला आणि मी ट्रे पुसायला घेतला. फडक्याखाली काळ्या रबराची एक छोटी रिंग निघाली.

पंपाकडून येणाऱ्या तेलाच्या वाटेवर, आतल्या प्लेटमागे अशीच एक रिंग बसते. ती नसेल तर तेल भलतीकडेच निसटतं. जुनी रिंग दबून चपटी होते. ही चांगली गोल होती, म्हणजे नवी.

मी ती त्याच्यासमोर धरली. पाकिटात एखादी जास्तीची येते, असं तो म्हणाला. मी विचारलं, "नक्की?"

"लहानपणी तुझी सायकल कोण जोडून द्यायचं?" तो म्हणाला. "तेव्हा विचारलंस का कधी?"

मग तो उठून घरात गेला. मी गाडीवर बसले, किल्ली फिरवली. अंगठा बटणावर ठेवला, पण दाबवेना. वाटेतला बिगहॉर्नचा घाट डोळ्यांसमोर आला. तिथे इंजिन जाम होऊन मागचं चाक अडकलं तर मी एक वेळ उडी मारेन, पण माझ्या पाठीला धरून बसलेला हा माणूस काय करेल? गेल्या महिन्यात गॅसवर भांडं ठेवून तो विसरला होता, हे त्याच्या बायकोने, आर्लिसने मला हळूच सांगितलं होतं. ते आठवलं आणि मी अंगठा उचलला. पण पुन्हा उघडू या असं म्हटलं, तर या हातांवर आता माझाही भरवसा नाही असं त्याला वाटणार होतं.

मी स्वयंपाकघरात गेले. तो बेसिनपाशी उभा होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी धूतच होता. आर्लिसने माझ्याकडे पाहिलं आणि कॅरॅमल रोलची, गोड पावांची थाळी उचलून ती बाहेरच्या खोलीत गेली.

मी म्हणाले, "तुझ्यावर संशय नाही माझा. पण तुला मागे बसवून मला ती गाडी चालवता येणार नाही."

मग त्याने नळ बंद केला. "उघड. तूच उघड. मी सांगतो तसं."

दुपारभर तो स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला आणि मी एकेक भाग काढत गेले. घाई केली की ओरडायचा, "पाना आहे तो, हातोडा नाही." शेवटी प्लेट सैल झाली. ती बाहेर ओढली आणि मी आत टॉर्च मारला.

रिंग जागेवर होती. अगदी नीट बसलेली.

मला हसू आलं, रडूही आलं. आता हा मला वर्षभर टोमणे मारणार असं वाटलं. पण तो टॉर्चच्या उजेडाकडे बघत होता.

"मी बसवली होती की नाही, मला माहीत नव्हतं जेनेल," तो म्हणाला. "तू मघाशी विचारलंस तेव्हा आठवून पाहिलं. आठवतच नव्हतं."

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. थोड्या वेळाने त्याने पायानेच नव्या रिंगेचं पाकीट माझ्याकडे सरकवलं. एकदा काढलेली रिंग पुन्हा लावायची नसते, चल, असं म्हणाला.

ती मी बसवली. पंपाचे बोल्ट आवळताना इंजिन हळूहळू फिरवत राहायचं, म्हणजे पंप आपोआप मध्यावर बसतो, हे त्याने मला तेव्हा शिकवलं. प्रत्येक बोल्टनंतर तो माझ्याकडून मोठ्याने वदवून घ्यायचा, "झाला." आणि मागून स्वतःही म्हणायचा, "झाला."

गाडी सुरू केली तेव्हा आधी आतून कोरडी खडखड ऐकू आली. तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर. मी बटण बंद करायला हात उचलला, तर त्याने माझं मनगट धरलं. "थांब." काटा हलला, मग सरसर वर चढला आणि खडखड विरत गेली. त्याने मनगट मात्र लगेच सोडलं नाही.

बिगहॉर्नच्या चढावर माझी नजर सारखी त्या काट्यावर जात होती. शेवटी मागून खांद्यावर थाप पडली. "रस्त्याकडे बघ. आवाज मी ऐकतोय."

आम्ही समुद्रापर्यंत पोचलो. पाणी बर्फासारखं होतं. व्हर्लिन बुटांसकट घोट्याइतक्या पाण्यात गेला आणि माझा दंड धरून बराच वेळ तिथे उभा राहिला. परतीच्या वाटेवर पेट्रोल भरायला थांबलो की तेल मी तपासायची आणि तेल मोजायची पट्टी त्याच्यासमोर धरायची. तो नीट बघायचा, मान हलवायचा आणि मागे चढून बसायचा.