चौथा गडी

सुधीररावांना उभ्या आयुष्यात अरे-तुरे करणारी माणसं म्हणजे आई-वडील आणि शाळेतले दोन-चार मित्र, बस्स. मानपाड्याच्या कारखान्यात साहेब म्हणून नोकरी काढली, घरी मुलगासुद्धा 'अहो बाबा' म्हणायचा. आणि आता साठी उलटल्यावर दर रविवारी दुपारी तोच मुलगा त्यांना 'अबे गोप्या' म्हणून झापत होता. डोंबिवलीच्या घरात पंख्याखाली बसून, कानात इअरफोन घालून ते मुकाट ऐकून घेत होते. ऐकून घेत होते कसले, त्यासाठी आठवडाभर वाट बघत होते.

मुलाला, म्हणजे सौमित्रला, यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी गोपीनाथ हा कोणी नवशिका पोरगा होता. मोबाइलवरचा हा खेळ चौघांचा. विमानातून एका बेटावर उड्या मारायच्या, दुसऱ्या टोळ्यांपासून जीव वाचवायचा, आपला कोणी गोळी लागून पडला तर धावत जाऊन त्याला उठवायचं, आणि हे सगळं करताना एकमेकांशी बोलत राहायचं. सौमित्रबरोबर त्याच्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसातले राजरत्न आणि मृणाल असत. चौथा नोकरी सोडून बंगलोरला गेला आणि जागा रिकामी झाली. हे सौमित्रच्या आतेबहिणीने, ऋजुताने, हेरलं. तिनेच मामाच्या फोनवर खेळ टाकला, गोपीनाथ असं नाव दिलं, आणि ओळखीतला आहे, नवा आहे, सांभाळून घ्या, असं सौमित्रला सांगून मामाला आत घुसवलं. माइक तेवढा बंद ठेवायचा, तोंड उघडलं की संपलं, एवढंच तिने बजावलं.

कारण आई, म्हणजे उत्तराबाई, गेल्यापासून सौमित्र बापाशी बोललेला नव्हता. फोन उचलत नव्हता. सुधीरराव माजिवड्याला त्याच्या सोसायटीत गेले की वॉचमन वर फोन करून विचारायचा आणि मान खाली घालून सांगायचा, साहेब घरी नाहीत. वर गॅलरीत कपडे वाळत घालताना साहेब दिसत असायचे.

चूक सुधीररावांची होती आणि ती लहान नव्हती. बायकोला कर्करोग निघाला तेव्हा सौमित्र कंपनीच्या ट्रेनिंगला जर्मनीत होता. पोराचं नुकसान कशाला, म्हणून यांनी आपल्या मनानेच ठरवलं, कळवायचं नाही. त्याचा फोन आला की आई झोपलीय, आई देवळात गेलीय. इथवर एखाद्याने माफही केलं असतं. पण उत्तराबाई अंथरुणातून रोज विचारायच्या, सौमित्रला कळवलंत ना? आणि हे म्हणायचे, कळवलं, येतो म्हणालाय. पोराला सगळं कळलंय आणि तरी तो येत नाही, असंच समजून ती माउली गेली. सौमित्रला हे शेजारच्या कमळाबाईंनी सांगितलं, तेराव्याच्या पंगतीत. हातातलं वाढपाचं भांडं तिथेच ठेवून तो उठला, तो आजतागायत त्या घरात आला नव्हता.

खेळात सुधीरराव अगदीच ढ निघाले. बाकीचे तिघे पूर्वेला पळाले की हे भिंतीला नाक लावून उभे. मलमपट्टीचं सामान सापडलं की उचलून घ्यायचे, पण ते दुसऱ्याला कसं द्यायचं हे ठाऊक नाही. गोप्या, कुठे आहेस, गोप्या, समोर कोण दिसतंय, असं तिघं विचारून थकायचे आणि गोप्या गप्प. एकदा सौमित्र यांच्या पायाशीच पडला. म्हणाला, "गोप्या, तू बाजूलाच आहेस. उठव ना रे मला." सुधीररावांनी घाईत भलतंच बटण दाबलं आणि त्यांचा गडी मुलाशेजारी खाली बसला. मी मरतोय आणि हा शेजारी बसून राहिलाय, असं सौमित्र म्हणाला तेव्हा राजरत्न खो खो हसला. सुधीरराव त्या दिवशी जेवले नाहीत.

तरी पुढच्या रविवारी ते हजर. शिव्या खाव्या लागत होत्या, पण त्या शिव्यांच्या मध्येमध्ये मुलगा होता. त्याला सर्दी झाली की कळायचं. काहीतरी कुरकुरीत खात खेळला की कळायचं. एकदा मृणाल म्हणाली, आईच्या पोटात दुखतंय, डॉक्टरकडे नेऊ पुढच्या महिन्यात. सौमित्र खेळ सोडून तिच्यावर चिडला, उद्याच ने, म्हणाला. सुधीररावांना वाटलं, कुणीतरी आपल्या श्रीमुखात दिली. बरंच झालं, असंही वाटलं.

मग तो रविवार आला. खेळ सुरू व्हायच्या आधीच सौमित्रने विषय काढला. खेळता येत नाही त्याचं काही नाही, म्हणाला, नवा गडी आहे, शिकेल.

"पण हा बोलत नाही यार. याला सगळं दिसत असतं आणि हा सांगत नाही. आपल्याच मनाने कायतरी ठरवतो आणि मरतो आपण. आज बोलला तर ठीक, नाहीतर काढून टाकू याला."

फॅनखाली बसलेल्या माणसाला घाम फुटला. बोललो तर आवाज ओळखणार, नाही बोललो तर पोराचा हा एवढासा आवाजही जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. काय करावं ते ठरेना, म्हणून त्यांनी नेहमीसारखं काहीच केलं नाही. गडी टेकडीवर नेऊन उभा केला.

खाली एका घरात सौमित्र शिरला होता. राजरत्न आणि मृणाल लांब होते. टेकडीवरून सुधीररावांना स्पष्ट दिसलं, मागच्या बाजूने दुसऱ्या टोळीतले दोघं वाकून येतायत. नुसता खेळ होता. मेला तरी पुन्हा सुरू करायचा. पण आपल्याला दिसतंय, पोराला दिसत नाही, आणि आपण गप्प आहोत, हे त्यांना सोसवेना. त्यांनी माइक चालू केला.

"सौमित्र, मागच्या दाराने दोघं येतायत. बाहेर पड, बाळा."

सौमित्रचा गडी घरात होता तसाच उभा राहिला. जरा हलला असता तर वाचला असता, दार समोरच होतं. तो हलला नाही. दोघं आले आणि त्याला मारून गेले.

मग त्याचा आवाज आला, अगदी शांत.

"म्हणजे वेळेवर सांगता येतं तुम्हाला."

आणि तो खेळातून निघून गेला.

सुधीरराव रडू लागले. उत्तराबाई गेल्या तेव्हा लोकांसमोर रडले नव्हते, ते आता हुंदके देऊन रडले. माइक चालूच होता, बंद करायचं त्यांना सुचलं नाही. राजरत्नने 'काका, तुम्ही...' असं अर्धवट विचारलं आणि मृणालने त्याला गप्प केलं. कोण काका, कुठले काका, त्या दोघांना काय कळलं असेल ते असेल. टेकडीवर सुधीररावांचा गडी नुसता उभा होता, कुणीही येऊन टिपावा असा. बेटाच्या पार दुसऱ्या टोकाकडून राजरत्न आणि मृणालचे गडी धावत आले आणि एक या बाजूला, एक त्या बाजूला, बंदुका बाहेरच्या दिशेला धरून उभे राहिले.