तिसरी फाइल

पांढरा ठिपका करड्या भिंतीत शिरला आणि पलीकडून सुखरूप बाहेर पडला. निकिताने तो मागे नेऊन पुन्हा सोडला. पुन्हा तेच.

"ह्यो कोण?" मागे कपबशी घेऊन उभ्या असलेल्या तिच्या वडिलांनी, रामहरींनी विचारलं.

"क्षार, आबा."

"आन् ही भिंत?"

"आपली ठिबकची नळी. तिचा सुईच्या टोकाहून बारीक तुकडा."

रामहरींनी बशीतला चहा ओढला. "आपल्या नळीत तर असा बसतोय की ड्रिपर फेकून द्यावं लागत्यात. तुझ्या कम्प्युटरात बरा शहाण्यावानी निघून जातोय. मलाबी असलीच नळी बघ कुठं मिळती का."

निकिता हसली नाही. ठिबकच्या नळीत क्षार कसा धरतो, ते अणूंच्या पातळीवर पाहायचं, हा विषय तिने हट्टाने घेतला होता. पीएच.डी.च्या तिच्या मार्गदर्शक सरांना तो आधीपासून पटलेला नव्हता. "शनिवारपर्यंत ताळ्यावर आलं नाही, तर हे प्रकरण प्रबंधातून काढू," असं त्यांनी ती पुण्याहून गावी निघतानाच सांगितलं होतं. आज गुरुवार.

काम सांगायला सोपं होतं. कोणता अणू कोणाला किती ओढतो, किती ढकलतो, याचे आकडे कम्प्युटरला द्यायचे. सर त्याला पोटेन्शियल म्हणत. प्लॅस्टिकचे आकडे एका शोधनिबंधातले, क्षाराचे दुसऱ्यातले. दोन्ही फाइली तिने ओळीवर बोट ठेवून चारदा तपासल्या. नुसती नळी ठेवली, तर ती नळीसारखी वागायची. नुसता क्षार पाण्यात सोडला, तर तोही गुणी. एकत्र आले की मात्र ओळखच दाखवत नव्हते. आता चूक कोणाच्या नावावर टाकायची?

शुक्रवारी सकाळी डोकं बधिर झालं तेव्हा ती उठून विहिरीवर गेली. पाइपांजवळ रामहरी डाव्या हातात पाना घेऊन फिल्टर खोलत होते. आतली जाळी काढून त्यांनी ती ब्रशने घासली, उन्हात धरून पाहिली, पुन्हा घासली.

"आबा, आज तर तात्यांची पाण्याची पाळी."

"मग?"

"मग फिल्टर तुमी का धुताय?"

"माझ्या पाळीचा गाळ हाय त्यात. त्याच्या नळ्यांत कशाला?"

"तुमी तर बोलत न्हाय तात्यांशी."

"न्हायच बोलत."

हे त्यांनी असं सांगितलं, जणू पहिल्या गोष्टीचा दुसरीशी काही संबंध नव्हता. चार वर्षांपूर्वी दोघा भावांची वाटणी झाली, तेव्हा चहा निकितानेच दिला होता. लिहिणाऱ्याने विचारलं होतं, पाण्याची पाळी सोडून दोघांत सामाईक काय लिहू? दोघेही एका सुरात म्हणाले होते, काय न्हाय. चार वर्षांत तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं होतं.

"तात्यांना ठावं हाय का, फिल्टर तुमी धुताय ते?"

"मला काय म्हाईत. आमचं बोलणं कुठं हाय?"

बांधावर मोटारसायकल वाजली. रामहरींनी फिल्टर घाईने बसवला, पाना तिथेच टाकला आणि ते उसाच्या कडेने निघाले. जांभळीपाशी जाऊन थांबले. तिथून पुढे गेले नाहीत.

रामहरींचे धाकटे भाऊ, जोतीराम तात्या आले. ओल्या फिल्टरवरून त्यांनी सहज हात फिरवला.

"गेला का?"

"कोण, तात्या?"

"कुनी न्हाय."

त्यांनी व्हॉल्व्ह फिरवून पाणी आपल्या बाजूला घेतलं. मग चिखलातला पाना उचलला, धोतराला पुसला आणि पंपाच्या खोलीच्या भिंतीला दोन खिळे होते त्यांतल्या डाव्या खिळ्याला, डावऱ्या माणसाच्या हाताशी येईल असा अडकवला.

निकिता घरी परतली, ती काहीशी भरभर. दोन फाइलींना तिने हात लावला नाही. तिसरी उघडली. ही तिची स्वतःची; दोघांना एकत्र आणणारी. गेल्या आठवड्यात कम्प्युटर अडून बसला होता: नळी आणि क्षार यांचं आपसात काय, ते सांगा म्हणून. त्याचं तोंड बंद करायला तिने तिथे ओळीने शून्य भरलं होतं; ना ओढणं, ना ढकलणं. नंतर बघू म्हणून. ते नंतर आलंच नव्हतं.

तिने शून्यं खोडली. पण मग काय लिहायचं? शोधनिबंध सापडेना. शेवटी रिवाजाप्रमाणे दोन्हीकडच्या आकड्यांचा मध्य काढून भरला, आणि सरांना लिहिलेल्या पत्रात कबूल केलं: शून्य नाही, एवढं नक्की, नेमकं किती, ते अजून ठाऊक नाही. प्रकरण काढू नये.

संध्याकाळी रामहरी पुन्हा मागे येऊन उभे राहिले. पांढरा ठिपका भिंतीशी आला. आत शिरला नाही. जरा मागे सरला, पुन्हा जवळ आला, मग तेवढंच अंतर राखून तिथेच हलत राहिला.

"चिकटला न्हाय," ते म्हणाले.

"न्हाय."

"जाईना बी."

"न्हाय."

बशीत ओतलेला चहा निवला.

"नळी करडी दाखवलीस," ते जाता जाता म्हणाले, "आपली काळी असती."