ताप नाही, जा वर्गात

मित्रांनो, मी एक जुनी रबराची पिशवी आहे, गरम पाण्याने शेकायची. शाळेतल्या आजारी मुलांच्या खोलीत खुंटीला उलटी टांगलेली असते. कारखान्यातून आले तेव्हा लालचुटूक होते. आता रंग विटला आहे, कुशीला ठिगळ आहे आणि खरे सांगायचे तर मी फार थकले आहे.

नव्या नवलाईत माझे भारी कौतुक झाले. कुणाच्या पोटात कळ आली, कुणाची पाठ धरली, की मलाच हाक. पुढे शाळेत मुले वाढली, नर्सबाई मात्र एकट्याच राहिल्या आणि सगळा कारभार थर्मामीटरच्या हाती गेला. त्याने ताप दाखवला तर घरी, नाहीतर बाईंचे ठरलेले वाक्य: "ताप नाही. जा वर्गात."

पण पोटांवर पडून पडून मला एक कळले होते. खरी पोटदुखी ऊब मिळाली की सैलावते. काही मुलांची पोटे मात्र कितीही शेकली तरी घट्टच राहत. त्यांचे दुखणे तिथे नव्हतेच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तसे. पखाल म्हणजे पूर्वीची पाण्याची कातडी पिशवी, नात्याने माझी आजीच.

नववीतली एक मुलगी रोज पहिल्याच तासाला पोट धरून यायची. बाई तिला 'पोटदुखीबाई' म्हणत. ताप कधीच नसायचा. हळूहळू सगळ्यांनी तिला कामचुकार ठरवले. एके सकाळी मला गरम पाण्याने भरून तिच्या पोटाशी दिले होते आणि बाई कुणाचा तरी खरचटलेला गुडघा धूत होत्या. तेवढ्यात तिने तोंडातला थर्मामीटर काढून माझ्या अंगाला लावला. पारा असा चढला, की एवढ्या तापात कुणी खाटेवर बसून वेणीशी चाळा करूच शकले नसते.

बाईंनी थर्मामीटर पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता हिची धडगत नाही. पण बाई तिच्या शेजारी टेकल्या आणि तापाची एवढी गरज का पडली, असे त्यांनी विचारले.

"ताप असला की सगळे विश्वास ठेवतात," ती म्हणाली. "मला काहीच झालं नाहीये. घरी सगळे चांगले आहेत. तरी सकाळी डोळे उघडले की सगळं नकोसं वाटतं."

त्या दिवशी तिला कुणी वर्गात पाठवले नाही. निरोप मिळताच तिची आई दुकानातले काम टाकून आली. हिला खाण्यापिण्याची, कपड्यालत्त्याची कमी नाही, मग हिच्या मनाला काय झाले, असे ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली.

"ताई, तिला ताप आला असता, तर काय कमी पडलं म्हणून आला, असं विचारलं असतं का तुम्ही?" बाई म्हणाल्या.

आई मग लेकीला चिकटून बसली. मी त्या दोघींच्या मध्ये निवत पडले होते, पण त्याचे मला मुळीच वाईट वाटले नाही.

मुलगी आता मनाच्या डॉक्टरांकडे जाते. लगेच सारे आलबेल झाले असे नाही. एखाद्या सकाळी अजूनही येते, फक्त पोट धरून येत नाही. बाईही आधी कसे वाटते ते विचारतात, मग ताप पाहतात.

मित्रांनो, माझे ठिगळ पाझरू लागले आहे. लवकरच मी अडगळीत जाईन. जाता जाता एवढेच मागते. शेजारच्या बाकावर कुणी रोज पोट धरून बसत असेल, तर त्याला विचारा. आणि तुमचेच असे दुखत असेल, तर ताप यायची वाट पाहू नका, सांगा. मी नुसती ऊब देऊ शकते. माझ्या तोंडाला बूच आहे, तुमच्या नाही.