अकरा वर्षांत न बिघडलेलं यंत्र

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही चार दिवसांचे आहात. बोलता येत नाही, कूस बदलता येत नाही, आणि अंग पिकल्या लिंबासारखं पिवळं झालंय. अंगावर फक्त लंगोट, डोळ्यांवर कापडी पट्टी आणि वर चार निळ्या नळ्या पेटलेल्या. काय कराल? भोकाड पसराल. खारूचा भाऊ तेच करत होता.

खारू नऊ वर्षांची. तिचं शाळेतलं नाव वेगळं होतं, पण एका जागी पाय ठरत नाही म्हणून घरीदारी सगळे तिला खारूच म्हणायचे. त्या दिवशी ती सकाळपासून रुग्णालयात आईजवळ बसली होती.

बाळाला कावीळ झाली होती. ती बऱ्याच नव्या बाळांना होते. रक्तात एक पिवळं द्रव्य साठतं. ते बाहेर टाकायचं काम यकृताचं, पण चार दिवसांच्या बाळाचं यकृत नुकतंच कामावर रुजू झालेलं असतं, त्याला एवढं काम उरकत नाही. मग निळा प्रकाश मदतीला येतो. तो कातडीतून आत शिरतो आणि त्या द्रव्याचं रूप असं बदलतो की ते शी-शूबरोबर निघून जातं. सुई नाही, कडू औषध नाही, नुसता उजेड! मी म्हातारा झालो, तरी मला अजून याचं नवल वाटतं.

पण या बाळाच्या रक्तातल्या पिवळ्या द्रव्याचा आकडा उतरत नव्हता. काल सोळा होता, आज सकाळी अठरा.

डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, "संध्याकाळी पुन्हा रक्त तपासू. असाच वाढत राहिला तर बाळाचं रक्त बदलावं लागेल. मेंदूपर्यंत पोचू द्यायचा नाही हा पिवळेपणा."

आईने पाळण्याची कड घट्ट धरली.

डॉक्टरीणबाई पुढे गेल्यावर खारूने सिस्टरला गाठलं. "सिस्टर, दिवा तर पेटलाय. मग आकडा का उतरत नाही?"

सिस्टरने इकडेतिकडे पाहिलं. "नळ्या म्हाताऱ्या झाल्यात गं. दिसायला निळ्याच दिसतात, पण आतला जोर गेलाय."

अत्तर उडून गेलं तरी बाटली तशीच सुंदर दिसते ना, तसंच हे. आपले डोळे फार भोळे असतात. लखलखाट दिसला की खूश.

"मग बदला की!"

"तीनदा अर्ज केला. अर्जावर एकच प्रश्न छापलाय, दिवा पेटतो का? मी खरं लिहिते, पेटतो. अर्ज परत येतो."

"मग खोटं लिहा."

"स्टोअरचे साहेब स्वतः बघायला येतात. पेटलेला दिसला की मलाच झापतात."

खारूने पुढचं ऐकलंच नाही. ती जिना उतरून स्टोअरकडे निघाली होती. मागून आई हाक मारत राहिली.

स्टोअरचे साहेब म्हणजे एक नीटनेटके, गोल गृहस्थ. त्यांच्या खोलीत धूळ शोधून सापडली नसती. मागच्या फळीवर निळ्या नळ्यांची खोकी छताला टेकली होती. समोर काचेचं कपाट, त्यात मखमलीवर तळहाताएवढं एक यंत्र. त्याच्या पडद्यावरचं पातळ प्लास्टिकही अजून सोललेलं नव्हतं.

"काका, त्या नळ्या द्या ना. माझ्या भावाला हव्यात."

"त्या तपासणीसाठी आहेत."

"कशाच्या तपासणीसाठी?"

"वर्षाला तपासणी होते. फळीवर नळ्या आहेत का, बघतात. वाटून टाकल्या तर काय दाखवू, भिंत?"

"पण वरच्या नळ्या म्हाताऱ्या झाल्यात."

"पेटतात ना? मग झालं. अजून एकही तक्रार खरी निघालेली नाही."

खारूने कपाटाला नाक लावलं. "हे काय आहे?"

साहेबांचा चेहरा उजळला. "हे प्रकाश मोजायचं यंत्र. दिव्याखाली धरलं की त्याचा जोर किती, ते सांगतं. तीस दाखवलं की दिवा फक्कड."

"मग आमच्या दिव्याखाली कधी धरलं?"

"वेडी का काय! वापरलं की वस्तू बिघडते. अकरा वर्षं झाली, माझ्या स्टोअरमधलं एकही यंत्र बिघडलेलं नाही. दोनदा सत्कार झालाय माझा."

खारूने यंत्राकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि अगदी सहानुभूतीने म्हणाली, "बंद पडलेलं असेल हो, काका. माझ्या आत्याकडे असाच एक मिक्सर होता. जपून ठेवला, ठेवला, आणि लावला तर ढिम्म."

"बंद पडलेलं?" साहेब खुर्चीतून उठलेच. "माझं यंत्र?"

"असू दे. मी कुणाला सांगणार नाही."

मुलांनो, मोठ्या माणसांना विनवण्या करून जे होत नाही, ते कधीकधी दया दाखवून होतं. साहेबांनी कुलूप काढलं, यंत्रात नवे सेल घातले. यंत्र दोन्ही हातांवर घेतलं, जणू तेच चार दिवसांचं होतं, आणि जिना चढून वर आले. पाळण्यापाशी थांबून त्यांनी श्वास रोखून ते पडद्यावरचं प्लास्टिक सोललं. सिस्टरने बाळाला अलगद बाजूला घेतलं. साहेबांनी बाळाच्या जागी यंत्र धरलं.

पडद्यावर आकडा आला. सात.

"चालतंय!" साहेब ओरडले. "पाहिलंत? अकरा वर्षांनी पहिल्या झटक्यात! काय गं, मिक्सर म्हणे!"

"सात?" आईचा आवाज चिरकला. "तीस लागतात ना हो?"

"ते दिव्याचं झालं, बाई. मी यंत्राचं बोलतोय."

सिस्टरने शांतपणे चौथा अर्ज काढला. दिवा पेटतो का? पेटतो. त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेत तिने मोठ्या अक्षरात लिहिलं, "जोर सात, हवा तीस." आणि अर्ज पुढे केला. "साहेब, इथे सही. की यंत्र चुकीचं दाखवतंय असं लिहू?"

साहेब पेचात पडले. सात बरोबर म्हणावं, तर नळ्या द्याव्या लागणार. सात चूक म्हणावं, तर अकरा वर्षांत पहिल्यांदा यंत्र बिघडलं, हे स्वतःच्या तोंडाने कबूल करावं लागणार. त्यांनी एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा पिवळ्या बाळाकडे. वाईट माणूस नव्हता तो. फक्त बाळं त्याच्या नोंदवहीत नव्हती.

त्यांनी सही केली.

अर्ध्या तासात चार नव्या नळ्या बसल्या. यंत्र म्हणालं, चौतीस. साहेबांना एवढा आनंद झाला, की ते यंत्राशेजारीच स्टूल टाकून बसले. सिस्टर म्हणाली, संध्याकाळी आणखी एकदा मोजायचंय, तोवर इथेच राहू द्या. ते राहिले. मधूनमधून पडदा रुमालाने पुसत राहिले.

दिवस जाता जाईना. आईने बाळाला पाजलं, पुन्हा दिव्याखाली ठेवलं, पुन्हा पाजलं. खारू लंगोट मोजत होती. पाच झाले, सहा झाले. "निघतंय गं, आई, बाहेर निघतंय!" ती प्रत्येक लंगोटाला टाळ्या वाजवायची.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. आई उभी राहिली.

"पंधरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उतरतोय. रक्त बदलायची गरज नाही."

आई मटकन खाटेवर बसली आणि हसता हसता रडायला लागली.

साहेबही डोळे पुसत उठले. "चला, छान झालं. आता हे कपाटात ठेवतो."

"आणि बाकीचे पाळणे?" सिस्टरने विचारलं. खोलीत आणखी पाच निळे दिवे पेटलेले होते.

"बाकीच्यांची कुठे तक्रार आहे?" साहेब म्हणाले आणि यंत्र घ्यायला वळले.

स्टुलावर यंत्र नव्हतं. खारू ते दोन्ही हातांत धरून शेजारच्या पाळण्यापाशी उभी होती, आणि तिथल्या आईला सांगत होती, "मावशी, बाळाला जरा उचला. मोजायचंय."