माझं चुकलं (२७)

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीमागची जाळी उघडली आणि घड्याळं साफ करायच्या रबरी फुग्याने आत हवा मारली. आतून धुळीचा एक गोळा निघाला, तो थेट त्यांच्या मिशीत जाऊन बसला. पंखा घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. सतराव्या वर्षी कॉम्प्युटरला दमा झाला होता. आज रविवार. उद्या सकाळी दहापर्यंत यातली सहा हजार गाणी टेबलावरच्या नव्या लॅपटॉपवर जायला हवी होती, कारण दहा वाजता वरच्या हॉलमध्ये बायकोचा गुडघ्यांचा वर्ग भरणार होता आणि गाण्याशिवाय त्या वर्गातलं एकही ढोपर वाकत नसे.

हे सगळं बायकोला नुसतं विचारून भागलं असतं. कुठली गाणी आधी हवीत, कुठली नंतर चालतील. पण घरात अबोला होता. आज अकरावा दिवस.

अबोल्याचं कारण मोठं नव्हतं. अबोल्याची कारणं मोठी नसतातच. लॅपटॉपवर हलवायच्या आधी आवराआवर करावी म्हणून घड्याळजींनी गाण्यांचे कप्पे पाडले. स्वतःच्या गाण्यांना ‘अभिजात’ असं नाव दिलं. बायकोच्या वर्गाची ढिंच्याक गाणी उरली, ती त्यांनी ‘किरकोळ’ नावाच्या कप्प्यात टाकली. त्या संध्याकाळी ताटात फक्त भात आला आणि आवाज बंद झाला.

या घराच्या अबोल्याची एक पद्धत होती. जो आधी तोंड उघडेल तो हरला, हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरून गेलेलं. पण संसार म्हटला की गॅस सिलिंडर संपतो, पाहुणे येतात. तेव्हा बोलायचं नाही, पण कळवायचं तर आहे, यावर तोडगा निघाला तो कॉम्प्युटर घरात आल्यावर. दोघंही दिवसातून दोनदा गाणी लावायला तिथे बसायची. मग एकाने एखाद्या गाण्याचं नाव पुसून तिथे लिहायचं, ‘चहा घेणार?’ दुसऱ्याने शेजारच्या गाण्यावर लिहायचं, ‘ओट्यावर ठेवा.’ अबोला सुटला तरी नावं कोणी पूर्ववत करत नसे. त्यामुळे हजारभर गाणी अशी होती, की नेमकं कुठलं गाणं कुठलं, हे ती वाजल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

दुपारी चारला घड्याळजींनी कॉपी सुरू केली. साडेपाचला नवा लॅपटॉप अडला. नावात न चालणारी चिन्हं असल्यामुळे चारशे बारा फायली घेता येत नाहीत, असं त्याने नम्रपणे कळवलं. घड्याळजींनी मेहुण्याला फोन लावला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसणारा, आणि बहिणीच्या अबोल्यांचा हिशेब ठेवणारा घरातला एकमेव तटस्थ निरीक्षक. त्याने समजावून सांगितलं, की जुन्या कॉम्प्युटरची सिस्टिम वेगळ्या जातीची, तिला नावात काहीही लिहिलेलं चालतं. नव्याची सिस्टिम सोवळी आहे, तिला प्रश्नचिन्हाचा विटाळ होतो.

घड्याळजींनी भिंग कपाळावर सरकवून यादी पाहिली आणि त्यांना उलगडा झाला. उत्तरांना चिन्ह नव्हतं, म्हणून उत्तरं सगळी बिनबोभाट पलीकडे गेली होती. नव्या लॅपटॉपवर ‘ओट्यावर ठेवा’, ‘नको’, ‘बघू’, ‘तुमच्या आईला विचारा’ अशी सतरा वर्षांची उत्तरं ओळीने बसली होती आणि त्यांचे प्रश्न जुन्या कॉम्प्युटरवर दम्याने घरघरत पडले होते.

मेहुण्याने एक छोटा प्रोग्राम पाठवला. तो नावातली नको ती चिन्हं गाळतो आणि दोन नावं सारखी झाली तर पुढे कंसात नंबर टाकतो. घड्याळजींनी बटण दाबलं. चार मिनिटांत चारशे बाराच्या चारशे बारा फायली पलीकडे. ते खूश होऊन उठले, मिशीतला धुळीचा गोळा काढला आणि झोपेपर्यंत शीळ घालत राहिले. शीळ घालण्यावर अबोल्यात बंदी नव्हती.

सोमवारी सकाळी बायको नेहमीपेक्षा लवकर उठली, लॅपटॉप काखेत मारून वर गेली. घड्याळजी खाली दुकान उघडून बसले. साडेनऊला मेहुण्याचा फोन आला. सगळं नीट गेलं ना, एवढं विचारून त्याने सहज म्हणून पुस्ती जोडली, की चिन्ह गाळल्यावर प्रश्न प्रश्न राहत नाहीत, तेवढं बघून घ्या.

घड्याळजींच्या चिमट्यातला स्क्रू खाली पडला.

कारण अबोल्यातला खरा मजकूर चहाचा नसे. अबोल्यातला खरा मजकूर टोमण्याचा असे. दर भांडणात घड्याळजी एका गाण्यावर तिरकसपणे लिहीत, ‘माझं चुकलं?’ एकाच नावाच्या दोन फायली जुन्या सिस्टिमलाही चालत नसत, म्हणून दुसऱ्या भांडणात दोन प्रश्नचिन्हं, तिसऱ्यात तीन. अकरा दिवसांपूर्वी त्यांनी मोजून सत्तावीस चिन्हं टाकली होती. यावर बायकोचा ठरलेला टोमणा होता, ‘तुमचंच खरं?’ तो एकोणीस चिन्हांवर पोचला होता.

त्यांनी जुना कॉम्प्युटर सुरू केला, प्रोग्रामने मागे ठेवलेली नावांची यादी उघडली. आधी बायकोची नावं दिसली. ‘तुमचंच खरं’, ‘तुमचंच खरं (२)’, असं करत थेट एकोणीसपर्यंत. खाली ‘मी हट्टी’. घड्याळजींना स्टुलावर बसल्याबसल्या हसू फुटलं. सतरा वर्षांत त्यांनी एवढं सुंदर काही वाचलं नव्हतं. मग त्यांनी यादी खाली सरकवली आणि हसू जागच्या जागी थिजलं. ‘माझं चुकलं’. ‘माझं चुकलं (२)’. ‘माझं चुकलं (३)’. प्रोग्रामने त्यांच्या वतीने सत्तावीस वेळा लोटांगण घातलं होतं.

मेहुण्याला पुन्हा फोन. काही बिघडलं नाही, तो म्हणाला, प्रत्येकापुढे ‘का’ लावून देतो, ‘माझं चुकलं का’, म्हणजे भाऊजींची अब्रू जशीच्या तशी परत. फक्त लॅपटॉप हातात हवा. दहाला सात मिनिटं होती. घड्याळजींनी दुकानात गिऱ्हाईक असतानाच शटर अर्धं ओढलं, गिऱ्हाइकाला आत कोंडलं आणि जिना चढले.

हॉलच्या दारात ते थबकले. वर्गातल्या अकरा बायका चटया टाकून उभ्या होत्या, पण व्यायाम कोणी करत नव्हतं. बायकोने लॅपटॉप भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडला होता. टीव्हीवर ती यादी होती, एकेक अक्षर वीतभर. पहिल्या रांगेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका चष्मा वर करून ती हजेरीपटासारखी वाचत होत्या.

“या घड्याळजी,” त्या म्हणाल्या. “एकदा म्हटलं असतंत तरी चाललं असतं. सत्तावीस म्हणजे फार झालं.”

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, की आमच्याकडे तीस वर्षांत एकदाही झालं नाही. त्यावर तिच्या शेजारणीने आमच्या ह्यांना तर लिहायलाही येत नाही असं सांगितलं आणि हॉलभर हसू पसरलं. बायकोची पाठ दाराकडे होती. पाठीवरून काही कळत नव्हतं.

घड्याळजी मुख्याध्यापिकांना सांगू लागले. “त्याचं काय झालं, की ही नवी सिस्टिम आहे ना, तिला एक चिन्ह...”

बायको वळली.

“काय झालं?”

अकरा दिवसांनी पहिले शब्द आले होते. ती आधी बोलली होती, म्हणजे नियमाप्रमाणे ती हरली होती. पण तिच्या चेहऱ्यावर हरल्याचं काहीच नव्हतं. कान लाल झाले होते. नवी साडी नेसल्यावर कोणी ओळखीचं भेटलं की ती जशी दिसायची, तशी दिसत होती.

“काही नाही,” घड्याळजी म्हणाले. “गाणी सगळी आली का, ते बघायला आलो.”

“सगळी आली.”

तिने चौदावं ‘माझं चुकलं’ लावलं. ते निघालं ‘किरकोळ’मधलं, ताशाचं. अकरा बायकांचे बावीस गुडघे विजेचं बटण दाबल्यासारखे हलले. मुख्याध्यापिकांनी घड्याळजींना दंडाला धरून रांगेत ओढलं. डावा पाय वर असताना खिशातला फोन वाजला. मेहुणा विचारत होता, ‘का’ लावायचा ना?

“राहू दे,” घड्याळजी तोल सावरत म्हणाले. “सिस्टिम चांगली आहे.”

वर्ग सुटल्यावर बायको सगळ्यांना खालपर्यंत पोचवायला गेली, आणि जिन्यातून शटर कोण वाजवतंय म्हणून तिचा आवाज आला. घड्याळजी लॅपटॉप बंद करायला वाकले. यादीत सगळ्यात वर एक नाव होतं जे काल त्यांनी पाहिलं नव्हतं. बदलल्याची वेळ आज सकाळची, नऊ चाळीस. म्हणजे बायका यायच्या आधीची. नाव होतं, ‘हे मनापासून आहे’.

त्याच्या शेजारी पिवळ्या चौकटीत सूचना अजून तशीच उघडी होती. नावात पुढील चिन्हं चालत नाहीत, असं म्हणून खाली चिन्हं दिली होती, आणि त्यात तिने शेवटी टाकून पाहिलेलं प्रश्नचिन्ह होतं.

घड्याळजींनी भिंग डोळ्यावर ओढलं आणि ते नाव पुन्हा एकदा वाचलं. मग भिंग काढून वाचलं. त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी पिवळी चौकट तेवढी मिटली आणि गिऱ्हाइकाला सोडवायला खाली गेले.