पाच पोती मीठ

घुबडाने चाळीस ओंडके पाठवले.

दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली. आतल्या बाईने घंटा वाजवली आणि शांतपणे म्हणाली, "सावकाश करा, मी आहे इथेच."

मिस्त्रीच्या शर्टाचं वरून तिसरं बटण निळं आहे, बाकीची पांढरी.

तह तीस दिवसांचा असतो.

टाचेचं हाड जुळायला फार वेळ घेतं.

ती हसली.

यातलं मिस्त्रीला झोंबलं ते शेवटचं. लिफ्टा दुरुस्त करून तो घरी आला होता, घासलेली ताटं पुसत होता. बायको पलंगावर होती, प्लास्टरमधला पाय उशीवर, मांडीवर टॅबलेट. आणि ती हसली. खुदकन. अशी शेवटची केव्हा हसली होती, हे आठवायला गेला तर हाती काही लागेना.

"काय झालं?"

"काही नाही हो. घुबड म्हणतोय, ओंडके नीट बघून घ्या, एकाला वाळवी लागलीय."

घुबड म्हणजे खेळातला शेजारी. ती शिवणकाम करायची. दोन महिन्यांपूर्वी पायरीवरून घसरून टाच मोडली, आणि शिलाई मशीनवर चादर पडली. वेळ जावा म्हणून भाचीने जुना टॅबलेट आणून दिला. त्यात हा राज्यांचा खेळ. प्रत्येकाला एक राज्य, दिवसाला एकच चाल. हिच्या वाट्याला मिठागरं आली, लाकूड औषधालाही नाही. घुबडाकडे जंगलच जंगल, मीठ चिमूटभर नाही. सोयरीक जुळायला याहून काय लागतं?

"आहे कोण हा?"

"कुणास ठाऊक. लांबचा आहे कुठला तरी. आपल्याकडे उजाडतं तेव्हा त्याच्याकडे दिवे लागतात. बिचाऱ्याचा गुडघा दुखतो. जिने चढवत नाहीत म्हणे."

मिस्त्रीने ताट ठेवलं ते जरा जोरातच. सात वर्षं त्याचा उजवा गुडघा दुखत होता, या कानाचं त्या कानाला कळलं नव्हतं. आपलं ओझं दुसऱ्यावर टाकायचं नाही, हा त्याचा बाणा. डबा स्वतः भरायचा, बटणं स्वतः लावायची. ती दिवसभर लोकांचं शिवते, तिला आपलं आणखी कशाला? आणि इथे कोण कुठला घुबड, दोन महिन्यांत गुडघा सांगून मोकळा.

"मलाही शिकव की हे," तो म्हणाला.

ती एवढी खूश झाली की त्याला लाजल्यासारखं झालं. तिने सरकून जागा केली.

"हे बघा. डावीकडे 'देतो', उजवीकडे 'मागतो'. दोन्हीकडे भरायचं आणि पाठवायचं. समोरचा हो म्हणेल नाहीतर नाही. व्यापार चालू असला की सहसा कुणी अंगावर येत नाही. एकमेकांवाचून अडतं ना."

"आणि तह?"

"तीस दिवस लढायचं नाही. संपला की पुन्हा विचारायचं. आपोआप पुढे जात नाही तो."

"म्हणजे लग्नासारखं नाही."

"नाही ना. तिथे कोण पुन्हा विचारतंय," ती म्हणाली. पुढेही बरंच सांगत होती, कुणी कुणाच्या मदतीला कधी धावायचं वगैरे. त्याचं लक्ष मात्र पडद्याच्या कोपऱ्यातल्या घुबडाच्या चित्राकडे होतं. डोळे वटारून बसलेलं ध्यान.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत बसून त्याने आपल्या फोनवर खेळ घेतला. नाव दिलं तळमजला. तिच्या राज्याच्या दक्षिणेला एक माळ रिकामा होता. घोड्यांचा. तो घेतला.

देतो: वीस घोडे.
मागतो:

उत्तर आलं, नाही.

देतो: साठ घोडे, सगळं लोखंड.
मागतो:

नाही.

सुट्टीच्या दिवशी चहा पिताना तिनेच विषय काढला. "नवा शेजारी आलाय. तळमजला. राज्याला असलं नाव कुणी ठेवतं का?"

तो कपात बघत म्हणाला, "बरा आहे का?"

"घोडे घे म्हणून मागे लागलाय. बदल्यात काही नको म्हणतो."

"मग घे की."

"छे. ज्याला माझ्याकडचं काहीच नको, त्याचा भरवसा कसा धरायचा? उद्या फिरला तर त्याला अडवणार कशाने? घुबडाचं बरं आहे. मिठावाचून त्याचं पान हलत नाही."

चहा एकाएकी कडू लागला.

दुसऱ्याच दिवशी तळमजल्याने घुबडावर चाल केली. दोनशे घोडेस्वार जंगलात घुसले, दोन गावं जळाली. मिस्त्री दुपारभर शीळ घालत तारांना ग्रीस लावत होता.

दुसऱ्या दिवशी फोन उघडला तर माळावर लाल निशाणं. उत्तरेकडून आलेली. उत्तरेला घुबड नव्हता. उत्तरेला ती होती. खाली एक ओळ: एकावर हल्ला तो दोघांवर, असा या दोघांचा करार आहे. मदतीला धावायचं ते हेच, जे ऐकताना त्याचं लक्ष नव्हतं.

चार दिवसांत माळ गेला, घोडे गेले. एक गाव उरलं.

"धुतला त्या तळमजल्याला," ती संध्याकाळी म्हणाली. आवाजात जोर नव्हता. "पण घुबडाला शब्द दिला होता ना."

"वाईट वाटलं?"

"वाटलं थोडं. एक गाव ठेवलंय मुद्दाम. बघू काही बोलतोय का."

दुसऱ्या दिवशी मोटरच्या खोलीत तो डबा न उघडता बसून राहिला. पडद्यावर त्याचं गाव. कोठारात मीठ शून्य, माणसं बोचकी बांधून निघालेली. डावा रकाना भरायला काही उरलं नव्हतं. उजव्या रकान्यावर बोट जाईना. त्याला लिफ्टमध्ये अडकलेली ती बाई आठवली. अडकलेली माणसं घंटा वाजवतात, त्याचं पोटच त्या घंटेवर होतं. त्याने स्वतः ती कधी वाजवली नव्हती.

देतो:
मागतो: मीठ, पाच पोती.

घरी आला तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसली होती.

"तळमजल्याने मीठ मागितलं आज," ती म्हणाली. "पाच पोती. मी दहा दिली. तीस दिवसांचा तहही."

"त्याच्याकडे द्यायला काही नसेल."

"नसू दे."

त्याने शर्ट काढून तिच्यासमोर धरला. "हे निळं बटण. पांढरं लावून देशील?"

तिने त्याच्याकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं. "डबा द्या तो मशीनखालचा," म्हणाली. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवला.

तो बनियनवर, तिच्या शेजारी, गुडघा चोळत बसला.

"घुबड काय म्हणतो?" न राहवून त्याने विचारलंच.

"गुडघ्याला उतार पडलाय म्हणे."

याचाही त्याला हेवा वाटला.

"तुमचा कधीपासून दुखतोय?" दोरा दाताने तोडत तिने विचारलं.

लग्नाच्या पहिल्या महिन्यात तिने त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून देते म्हणून हात पुढे केला होता. राहू दे, मला येतं, असं तो म्हणाला होता.