कानसेनचा शागीर्द

"चांगला," डोळे मिटूनच तो म्हणाला आणि पुढच्या ड्रमवर हातोडी टेकवली. टण्ण! सूर लांबवर गेला, सावकाश विरला. "हाही चांगला."

समोरची इंजिनियर पोरगी दर वेळी बटण दाबून त्याचं उत्तर यंत्रात नोंदवत होती. ब्रेकचा ड्रम वाजवायचा आणि डोळ्यांना न दिसणारी चीर कानाने पकडायची, हे काम तो सव्वीस वर्षं करत आला होता. कारखान्यात सगळे त्याला कानसेनच म्हणत. आता ते काम यंत्र करणार होतं आणि त्याला शिकवायचं होतं कानसेननेच. शनिवारच्या परीक्षेत यंत्र पास झालं की तपासणीवरची सहाही माणसं घरी बसणार. नापास झालं तर आणखी वर्षभर तरी सगळ्यांच्या नोकऱ्या शाबूत. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा, आणि तोही मन लावून!

डोळे मिटले की भिंती, पट्टे, माणसं सगळं विरघळून जाई. सूर पाण्यावरच्या वर्तुळांसारखे पसरत आणि त्यांच्यावर तरंगत तो कुठल्या कुठे पोचे. बुधवारी दुपारी असाच गेला. हात वाजवत राहिला, तोंड आपलं "चांगला, चांगला" म्हणत राहिलं. भानावर आला तेव्हा अख्खा ट्रे संपला होता. पोरगी चहाला गेल्यावर त्याने ड्रम पुन्हा वाजवले. चार बद्द वाजले. म्हणजे चिरलेले चार ड्रम यंत्र चांगले म्हणून शिकलं होतं.

घरी त्याने बायकोला सांगितलं.

"मग गप्प बसा की," ती म्हणाली. "होऊ दे त्याला नापास. आपल्या पोरीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. ते मशीन येणारे का तिची फी भरायला?"

"आणि परीक्षेत चूक सापडलीच नाही तर? असला ड्रम उतारावर फुटतो गं. गाडीत माणसं असतात."

ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

सकाळी त्याने इंजिनियर पोरीला खरं काय ते सांगून टाकलं. तिने बटणावरचा हात काढला.

"काका, तुम्ही बोलला नसतात तर हे शनिवारी आपटलं असतं."

"माहितीये."

"मग?"

"मग काय? तो ट्रे परत आण. पहिल्यापासून करू."

शनिवारी साहेबलोक रांगेत उभे होते. पलीकडे तपासणीवरचे त्याचे पाच सोबती. यंत्र एकेक ड्रम वाजवत होतं. अकरावा वाजला आणि त्याचे कान टवकारले. चीर इतकी बारीक होती, की त्याच्याशिवाय कुणालाच कळली नसती. चुकू दे, चुकू दे, असं तो मनात म्हणत होता आणि त्याच वेळी, शाळेच्या स्टेजवर कविता विसरलेल्या लेकीकडे बघावं तसा जीव मुठीत धरून यंत्राकडे बघत होता.

लाल दिवा लागला. यंत्राने चीर पकडली होती.

"शाबास!" त्याच्या तोंडून मोठ्याने निघून गेलं.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पाच सोबत्यांनी मात्र त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने हातोडी टेबलावर ठेवली आणि त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. सगळ्यांत थोरला थोडा सरकला आणि त्याने कानसेनला जागा करून दिली.